दिसेल तेवढंच

घर तपासायचे साडेचारशे डॉलर घेतो मी,
आणि करारात पहिल्याच ओळीत लिहितो :
दिसेल तेवढंच सांगेन.
भिंतीच्या आतलं नाही, पुढच्या वादळातलं नाही,
जमीन उद्या काय करील ते तर नाहीच.

मेकन, जॉर्जिया. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा.
ओडेसा टिलरी गणवेशातच आली,
इस्पितळाच्या लाँड्रीतली रात्रपाळी संपवून,
हातांना क्लोरीनचा वास, वय अठ्ठावन्न,
आणि पर्समध्ये एक वही,
तिच्यात प्रश्न, नंबर घालून.
पहिला : छप्पर अजून किती वर्षं?
सहा, मी म्हणालो. जपलं तर आठ.
तिनं दोन्ही आकडे लिहिले
आणि आठावर काट मारली.

मी घराखाली शिरलो.
पोटावर सरपटत, दातांत टॉर्च,
कोपरांना लाल माती.
तिसऱ्या तुळईला ओल.
वाळवीच्या नळ्या, जुन्या, रिकाम्या.
न्हाणीघराखाली कुणीतरी गाडीचा जॅक लावून ठेवलेला,
वर्षानुवर्षं बिचारा टब पेलत उभा.
टिपलं सगळं. फोटो काढले.
वरून तिची पावलं ऐकू येत होती :
स्वयंपाकघर, खिडकी, परत स्वयंपाकघर.
टेबल कुठे मावेल ते माणूस असंच मोजतो.

मग विजेच्या पेटीचं झाकण उघडलं
आणि आत माझंच अक्षर.
पिवळं पडलेलं लेबल, अकरा वर्षांपूर्वीचं,
खाली माझी सही, तेव्हाची, जरा ऐटीतली.

घर मला आठवलं नव्हतं.
माणूस आठवला.
लायनेल ग्रूम्स, टायरच्या दुकानातला.
खोल्याखोल्यांतून फिरत प्रत्येक बटण दाबून पाहायचा,
दिवा लागला की हसायचा,
जणू दिवा त्यानंच शोधून काढलाय.
त्याला मी चोपन्न पानांचा अहवाल दिला.
चोपन्न पानांत ठिबकणारा नळ होता, सैल कठडा होता.
घरपट्टी नव्हती.
ती माझ्या कामात येत नाही.
राहत्या घराची सवलत अर्ज करून मागावी लागते,
आपल्या पायांनी दारी येत नाही,
हे त्याला कुणीच सांगितलं नाही.
मग दुकान बंद पडलं, मग बायकोचं आजारपण,
थकबाकी वाढत गेली,
आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
कोर्टाच्या पायऱ्यांवर घराचा पुकारा झाला.

सवलतीनं तो वाचला असता असं मी म्हणत नाही.
रक्कम तशी किरकोळ. बुडत्याला काडी.
पण काडी होती,
आणि ती माझ्या खिशात होती.

ओडेसाचा शेवटचा प्रश्न, सतरावा :
"तुम्ही असता तर घेतलं असतं?"
याचं उत्तर आम्ही द्यायचं नसतं.
मी म्हणालो, जॅक काढा, विटांचा खांब घाला.
आणि ती वही द्या जरा.

लिहिलं, माझ्या तिरक्या अक्षरात :
व्यवहार डिसेंबरातच उरका.
एकतीसच्या रात्री इथंच झोपा,
पलंग नसला तर जमिनीवर.
एक जानेवारीला घर तुमचं हवं
आणि तुम्ही घरात.
लायसन्सवरचा पत्ता बदला.
एक एप्रिलच्या आत कर-कचेरीत अर्ज.
पोचपावती घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.

तिनं दोनदा वाचलं.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली,
"याचे वेगळे पैसे?"

मी पेटीकडे वळलो.
जुन्या लेबलाशेजारी नवं चिकटवलं,
तारीख घातली.
या वेळी सही साधी केली,
वाचता येईल अशी.